रेओम्यूरची कसर : एका जुन्या निबंधाचे मोल

रेओम्यूर हे नाव आपल्याला तापमापकामुळे ठाऊक असते. गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत ८० अंश मोजणारी त्याची पद्धत आता मागे पडली. याच फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे लोकरी कपड्यांना लागणाऱ्या कसरीवर निबंध मांडला होता. तो शिक्षकांनी आजही विचारात घ्यावा असे आम्हांस वाटते; त्यातील गुणांसाठी आणि चुकीसाठीही.

कापड पतंग खात नाही, त्याची अळी खाते. यांपैकी एका जातीची अळी लोकरीच्या धाग्यांची नळी करून तीत राहते. अळी वाढते तशी नळीही मोठी होते. ती कशी? रेओम्यूरने एका रंगाच्या लोकरीवरील अळ्या दुसऱ्या रंगाच्या लोकरीवर सोडल्या. नवा रंग नळीच्या दोन्ही टोकांना दिसला, शिवाय लांबीच्या दिशेने त्याच्या पट्ट्याही उमटल्या. म्हणजे शिंपी झग्याला कळी घालतो तशी अळी नळी उसवून मध्ये नवी पट्टी भरते! उपकरण कोणते, तर रंगीत लोकर. प्रश्न नेमका असला की साधने साधी चालतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मात्र उपाय सांगताना रेओम्यूर घसरला. मेंढीच्या अंगावरील लोकरीला कसर लागत नाही, हे त्याचे निरीक्षण योग्यच होते. त्याने याचे श्रेय लोकरीतील नैसर्गिक स्निग्धतेला दिले आणि कपडे न धुतलेल्या लोकरीने घासण्याचा सल्ला दिला. पण जिवंत मेंढी हलते, उन्हात फिरते, पावसात भिजते. कसरीला अंधार आणि निवांतपणा लागतो. अनेक फरकांपैकी एकच उचलून त्याला कारण ठरवणे धोक्याचे असते. पुढे तर उलटेच दिसले : निव्वळ स्वच्छ लोकरीवर अळीचे नीट पोषण होत नाही, घामाच्या व अन्नाच्या डागांतून तिला जीवनसत्त्वे मिळतात. म्हणून कपडे धुऊन, वाळवून ठेवणे हाच खरा उपाय.

आपल्या वर्गात मात्र 'कसर लागते, डांबरगोळ्या ठेवा' एवढ्यावर धडा संपतो. त्यात प्रश्नही नाही आणि चूक करण्याची संधीही नाही. रेओम्यूरची चूक विद्यार्थ्यांसमोर ठेवून 'मेंढीला कसर का लागत नाही?' एवढेच विचारावे. तासभर वर्ग बोलता राहील.