न छापलेली ओळ

आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसोबत ‘प्लांटग्रोथ’ नावाची चिमुकली माहिती आयतीच मिळते. तीस रोपांची वाळवल्यानंतरची वजनं. दहा रोपं कंट्रोलची, दहा-दहा दोन ट्रीटमेंटची. तिच्यावर साधं रेषीय मॉडेल चालवलं की तीन ओळींचा तक्ता उमटतो. तो सावकाश वाचण्याजोगा आहे.

पहिली ओळ इंटरसेप्टची: 5.032. वरवर पाहणाऱ्याला ही सगळ्या रोपांची सरासरी वाटेल, पण ती एकट्या कंट्रोलची आहे. पुढच्या ओळी, उणे 0.371 आणि 0.494, म्हणजे दोन्ही ट्रीटमेंट कंट्रोलपासून किती खाली-वर आहेत ते अंतर. दोघींची पी-मूल्यं अनुक्रमे 0.194 आणि 0.088. म्हणजे पाच टक्क्यांच्या कसोटीवर दोन्ही नापास. आणि तळाशी एफ-चाचणीचा पी मात्र 0.016! सुट्या ओळी म्हणतात विशेष काही नाही, तळटीप म्हणते आहे.

या तक्त्याची खरी गंमत इथे आहे. एक ट्रीटमेंट कंट्रोलच्या खाली, दुसरी वर. मोठी दरी आहे ती त्या दोघींमध्ये, 0.865 एवढी. तिची ओळच छापलेली नाही, कारण सगळी मोजणी कंट्रोलच्या उंबऱ्यावरून चालली आहे. ‘रीलेव्हल’ हे फंक्शन वापरून पहिल्या ट्रीटमेंटला आधारगट केलं की ती ओळ उगवते, पी 0.005च्याही खाली. मॉडेल तेच, अंदाजित वजनं तीच, एफ तोच.

आधारगट कोणी निवडला? बहुतेकदा वर्णक्रमाने. इंग्रजी नावांत ‘सी’ अक्षर ‘टी’च्या आधी येतं, म्हणून कंट्रोल पहिला. त्याचं नाव कोणी ‘अनट्रीटेड’ ठेवलं असतं तर आरने त्याला मुकाट्याने शेवटी बसवलं असतं.

गट एकमेकांशी ताडण्याच्या या मांडणीला कंट्रास्ट म्हणतात, आणि ती बदलता येते. सम-कंट्रास्ट घेतले तर इंटरसेप्ट होतो 5.073, तिन्ही सरासऱ्यांची सरासरी. कोणाचाच पाहुणचार न घेणारी ही मांडणी मला अधिक न्याय्य वाटते, पण वाचायला खडूस: ओळींना गटांची नावं नाहीत, नुसते क्रमांक, आणि तिसरा गट गायबच. इंटरसेप्टनंतरच्या दोन ओळींची बेरीज करून चिन्ह उलटवलं की त्याचे 0.453 हाती लागतात. हेल्मर्ट नावाच्या तिसऱ्या मांडणीत प्रत्येक गट आधीच्यांच्या सरासरीशी ताडला जातो, तेही भागाकार करून. कंट्रोल आणि पहिल्या ट्रीटमेंटमधलं 0.371चं अंतर तिथे निम्मं होऊन दिसतं. एस-प्लसमध्ये हेच मुळातले कंट्रास्ट होते. आरने ते बदलले, बरंच केलं.