चिल्लरीचा जबाब कुणी द्यायचा?

मकरीझीनं 1405 च्या सुमारास कैरोत लिहिलेलं ‘इघासत अल-उम्मा’ हे महागाईवरचं छोटं पुस्तक फिर्यादीसारखं वाचावं लागतं. नाईलला पाणी कमी आलं, दुष्काळ पडला, माणसं मेली. मकरीझी म्हणतो, दोष एकट्या नदीचा नाही. लाच देऊन मिळवलेली पदं, शेतजमिनीचे चढे खंड आणि तांब्याच्या नाण्यांचा, म्हणजे फुलूसचा, सुळसुळाट ही त्यानं दिलेली तीन कारणं.

तो स्वतः कैरोचा मुहतसिब, म्हणजे बाजारावर देखरेख करणारा अधिकारी, होता. त्यामुळे तो मोघम बोलत नाही. सुलतान बर्कूकचा कारभारी महमूद इब्न अली यानं फिरंग्यांच्या मुलखातून तांबं आणवून नफ्यासाठी नाणी पाडली, हे तो नाव घेऊन लिहितो. पुस्तकाची खरी ताकद इथेच आहे.

पण उपाय सांगताना तो माणसाला सोडून धातूला धरतो. खरा पैसा सोन्याचांदीचा, तांबं फक्त किरकोळ खरेदीपुरतं, असं त्याचं म्हणणं. रोजची भाकरी विकत घेणाऱ्याचा तर सगळा व्यवहारच किरकोळ असतो!

शिवाय इजिप्तच्याच जुन्या वस्तू वेगळं सांगतात. खलिफा अब्द अल-मलिकनं 690 च्या दशकात सोन्याचांदीची नाणी एका घडणीची केली. तांब्याचा कारभार मात्र बराचसा स्थानिकच राहिला. 8व्या शतकात इजिप्तमध्ये फल्स, म्हणजे तांब्याचं एक नाणं, तोलण्यासाठी काचेची वजनं होती. त्यांवर वजनाच्या आकड्यासोबत महसूलप्रमुख उबैदुल्ला इब्न अल-हबहाब किंवा त्याचा मुलगा अल-कासिम यांचं नाव असे. त्याही आधी सीरियातल्या हिम्स शहराच्या तांब्याच्या नाण्यांवर ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही लिपींत ‘चांगलं’ असा शब्द होता. दिनार साम्राज्याचा दावा सांगतो. आपल्या गावचा बाजार कोण चालवतं, हे फल्स सांगतो.

नाव कोरलं म्हणजे माणूस प्रामाणिक होता, असं अर्थातच नाही. पण नाव असलं की तक्रार कुणाकडे न्यायची हे कळतं. मकरीझीच्या काळी तांबं बिघडलं, कारण ते पाडणाऱ्याला जाब विचारणारी पदंच विकत मिळत होती. म्हणजे त्याचं पहिलं कारणच तिसऱ्याचं मूळ आहे. निदान त्यानं अचूक केलं. औषध मात्र चुकीच्या जागी लावलं.