तोतया आणि ओळखीचा प्रश्न : ‘तोतयाचे बंड’च्या निमित्ताने

एकसारख्या दिसणाऱ्या दोन व्यक्ती आणि त्यांच्या ओळखीची अदलाबदल हे ऐतिहासिक रहस्यकथेचे जुने भांडवल आहे. अँथनी होपच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ (१८९४) या कादंबरीत राजाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा इंग्रज गृहस्थ उभा राहतो. खरा कोण हे वाचकाला ठाऊक असते. उत्कंठा असते ती इतरांना ते कळेल का, याची. मराठीला हे आशयसूत्र इतिहासानेच पुरवले, आणि तेथे हा प्रश्न अधिक बिकट झाला.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. त्यांच्या मृत्यूविषयी संशय मात्र उरला व पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. या रिकाम्या जागेत सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण ‘भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तो कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढताच कोकणात बंड पसरले. कोकण आणि पुणे यांच्यामध्ये मुळशी-मावळचा घाटमाथा तेवढा आडवा होता. अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी बंड मोडले, राघोजी आंग्र्यांनी तोतयाला पकडले आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले.

केवळ चेहऱ्याच्या साम्याने हे बंड उभे राहिले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गादीवर १७७४ साली जन्मलेले सवाई माधवराव होते, राघोबादादांचा दावा मिटला नव्हता. अशा वेळी एक जाणता, लढवय्या पेशवेकुलीन पुरुष अनेकांना हवा होता. साम्य हे निमित्त. ओळख घडवली ती गरजेने.

न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ (१९१३) या नाटकासाठी हाच विषय निवडला. शीर्षकातील दोन्ही शब्द विजेत्या दरबाराचे आहेत. दावा टिकला असता तर तो ना ‘तोतया’ ठरला असता, ना त्याचे कृत्य ‘बंड’. पडदा उघडण्यापूर्वीच निवाडा झालेला असल्याने ‘हा कोण?’ हा प्रश्न प्रेक्षकापुरता निकालात निघतो. इतिहासदृष्ट्या हे योग्यच. पण त्यामुळे विषयातील सर्वांत नाट्यगर्भ स्थान झाकोळण्याचा धोका संभवतो. ‘हा भाऊ नव्हे’ आणि ‘भाऊ हयात नाहीत’ ही दोन विधाने एक नव्हेत. दरबाराला पहिले पुरेसे होते. पार्वतीबाईंचे सौभाग्य मात्र या दोहोंमधील फटीतच उभे होते. प्रत्येक तोतया ती फट उघडतो, आणि त्याचे पितळ उघडे पडताच ती अधिक अरुंद होते. न्यायशास्त्रातील प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘तोच हा देवदत्त’ असे ज्ञान, येथे निव्वळ ज्ञान राहत नाही. ते ओळखणाऱ्याचे भवितव्य ठरवते.

रंगभूमीवर हा पेच दुणावतो. नटाविषयीची प्रेक्षकाची प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय व सादृश्य या चारही ज्ञानांहून वेगळी असते, हे शंकुकाने चित्रतुरगाच्या दृष्टान्ताने सांगितले. या अर्थाने खऱ्या भाऊची भूमिका करणारा नटही भाऊ नव्हेच. भेद उरतो तो करारात: नटाचे सोंग प्रेक्षकाच्या संमतीने चालते, तोतयाचे ती चोरून.

केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ याच करारावर बेतलेली वाटते. वाचक परभूमिकेशी तादात्म्य पावतो, तरी स्वत्व सोडत नाही. तोतयाची अपेक्षा याच्या नेमकी उलट असते. स्वतः कोण आहोत हे तो विसरत नाही. विकल्प मावळावा अशी त्याची इच्छा असते ती इतरांच्या मनातला. मात्र या सिद्धान्ताची खरी कसोटी तोतयापाशी नाही, पार्वतीबाईंपाशी आहे. सत्य आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्यांच्या आशेशी समरस होता येईल काय? करुणा त्याला निश्चितच वाटेल, कदाचित त्या जाणतेपणामुळेच अधिक तीव्रतेने वाटेल. परंतु करुणा म्हणजे तादात्म्य नव्हे. आशेशी तादात्म्य पावायचे तर संशयातही वाटेकरी व्हावे लागते, आणि शीर्षकाने नेमका तोच वाटा प्रेक्षकाकडून काढून घेतला आहे. केळकरांच्या नाटकाचे पुनर्वाचन त्यांच्याच सिद्धान्ताच्या उजेडात व्हायचे असेल, तर त्याची सुरुवात या शीर्षकापासून व्हायला हवी.