सालदाराची पत्रं कुठं गेली?

चार्ल्स डार्विननं सिम्स कव्हिंग्टनला लिहिलेली पत्रं फार नाहीत. माझ्या दहावीच्या इंग्रजीला ती झेपली नसती. नातीनं अर्थ लावून दिला, दोन संध्याकाळी पुरल्या. शाळेच्या पुस्तकातला दाढीवाला डार्विन यात नाही. पोरांच्या शिक्षणाच्या खर्चानं घाईस आलेला, तब्येतीची कुरकुर करणारा एक बाप यात आहे.

कव्हिंग्टन म्हणजे बीगल जहाजावर सारंगीसारखं फिडल वाजवणारा पोऱ्या. 1833 मध्ये डार्विननं त्याला आपल्या कामाला घेतलं, बंदूक चालवणं अन् पाखरांची कातडी काढून भरणं शिकवलं. जहाज 1836 ला परतलं, तरी तो डार्विनकडंच राहिला. 1839 मध्ये डार्विनचं लग्न झालं. त्याच वर्षी यानं काम सोडलं आणि तो ऑस्ट्रेलियाला गेला. आमच्या भाषेत सहा वर्षांचा सालदार. सालदार सोडून गेला की मालक हिशेब मिटवते अन् विसरते. सिंदेवाहीकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांना कोणता मालक चिठ्ठी लिहिते? डार्विन 1859 पर्यंत लिहीत राहिला. कव्हिंग्टनला ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा 1843 मध्ये कानाला लावायचा कर्णा त्यानं जहाजानं धाडला. हे मोठंच.

तरी बरीचशी पत्रं मला वरून खाली येणारी वाटली. माया आहे, पण पाठीवर थाप मारणारी. याला अपवाद 1850 चं पत्र. डार्विन तेव्हा समुद्राच्या खडकाला चिकटणाऱ्या बार्नॅकल या जीवांच्या मागे लागला होता. कव्हिंग्टननं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून ते गोळा करून पाठवले. पेटी उघडून डार्विन हरखला. एका जागेहून एवढा भरघोस संग्रह त्याला कधी आला नव्हता. इथं मालकपण गळून पडते. एका जाणत्यानं दुसऱ्या जाणत्याला लिहावं तसं हे पत्र आहे, आणि मला सगळ्यांत तेच आवडलं. मे 1858 मध्ये त्यानं आपल्या मोठ्या ग्रंथाची खबरही या जुन्या गड्याला दिली. वॉलेसचं ते प्रसिद्ध टपाल त्याच्या हाती पडण्याआधी.

कव्हिंग्टन जाणताच होता. गॅलापागोसमध्ये डार्विननं वेगवेगळ्या बेटांवरची पाखरं सरमिसळ केली. कोणतं पाखरू कोणत्या बेटाचं, हे पुढं इंग्लंडात शोधायची वेळ आली तेव्हा कप्तान फिट्झरॉय अन् कव्हिंग्टन यांचे संग्रह कामी आले. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 मध्ये पटेल-3 धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंबी निराळ्या ठेवल्या, म्हणून एचएमटी धान आलं. ढोलीत टाकल्या असत्या तर भात होऊन गेला असता.

आणि या जाणत्याची पत्रं मात्र वाचायला मिळत नाहीत. पत्रव्यवहार म्हणतात, पण व्यवहार एकाच बाजूचा. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं कारण सांगून ठेवलं आहे. किराणा दुकानदार चिठ्ठ्या तारेला टोचते तशी वडील आलेली पत्रं टोचून ठेवत; तारा भरल्या की जुनी पत्रं जाळून तारा मोकळ्या करत. 1862 नंतर ते पत्रं जपू लागले. कव्हिंग्टन 1861 लाच वारला होता.

उलट त्याच्याकडं गेलेली पत्रं राहिली. डार्विन मेल्यावर दोन वर्षांनी, 1884 मध्ये, ती सिडनीच्या वर्तमानपत्रात छापून आली. त्याला लहान म्हणून डार्विनच्या थोरवीचे गोडवे गाणारे लोक हे विसरतात की ही थोरवी दिसते ती सालदाराकडच्या कागदांमुळं.

मराठीत कोणी ही पत्रं आणली तर प्रत्येक पत्राखाली, कव्हिंग्टननं आधी काय लिहिलं असावं, तेही द्यावं. उत्तरावरून बरंच कळते. कव्हिंग्टन पंबुला गावात 1854 पासून पोस्टमास्तर होता. गावाचं सारं टपाल त्याच्या हातून जात होतं.