पाठीवरचा डबा

पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून जे विहिरीत पोहायला शिकले, त्यांना एक गंमत ठाऊक असते. डबा बांधून उताणं पडता येत नाही. क्षणभर जमतं, मग खाली दाबला गेलेला डबा उसळी घेतो आणि आपल्याला पुन्हा पालथं करतो.

ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यांवरच्या 'शॅनन' जातीच्या जीवरक्षक बोटीची सगळी खुबी त्या डब्यात आहे. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशनची ही बोट जेमतेम चौदा मीटर लांब, १८ टन वजनाची. वेग २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. इंजिनं आणि डिझेलच्या टाक्या तळाशी. वर पाणी आत न शिरणारी, हवा कोंडलेली केबिन. लाटेनं बोट उलटवली की जड ते वर जातं, पोकळ ते पाण्याखाली. तसं ते राहूच शकत नाही. काही सेकंदांत बोट सरळ. पूल शहरातल्या कारखान्यातली नवी बोट समुद्रावर जाण्याआधी क्रेननं मुद्दाम उलटी करून पाहतात.

मला यातली वृत्ती आवडते. बोट उलटणारच, असं धरून ती रेखली आहे. म्हणून खलाशांच्या खुर्च्या धक्के गिळतात, अंगावर पट्टे असतात, आणि रडार, नकाशा, इंजिन सारं खुर्चीसमोरच्या पडद्यावर येतं. उठायची वेळच येऊ द्यायची नाही!

कल्पना मात्र जुनी, आणि तीही विहिरीवरचीच म्हणतात. १७८९ साली टाइन नदीच्या मुखाशी 'अ‍ॅडव्हेंचर' जहाज किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटलं. मग साउथ शील्ड्समध्ये उत्तम बोटीच्या आराखड्याला दोन गिनींचं बक्षीस लागलं. विल्यम वुडहेव्हनं पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीत लाकडी भांड्याचा फुटका तुकडा पाहिला होता, कसाही टाकला तरी सुलटा होणारा. त्यावरून त्यानं आपोआप सरळ होणाऱ्या बोटीची प्रतिकृती केली. समितीनं त्याला निम्मं बक्षीस, एकच गिनी देऊ केली. किती ही काटकसर! पुढे जवळजवळ दोन शतकांनी, १९६९ साली, ऑर्कनीतल्या लाँगहोपची बोट उलटली आणि आठही जण गेले. ती आपोआप सरळ होणारी नव्हती.

शॅननला खाली पंखा नाही, सुकाणूही नाही. पाणी आत ओढून मागे फेकणारे दोन वॉटरजेट तिला पुढे नेतात, वळवतात, थोपवतात. तळाला काही लोंबत नसल्यानं ती वेगानं थेट वाळूवर चढवता येते. तिथे ट्रॅक्टरची गाडी तिला पोटाशी घेते, फिरत्या पाटावर तिचं तोंड वळवते आणि पुन्हा पाण्यात सोडते.

पण तिच्या माहितीपत्रकातली माझी आवडती ओळ क्षमतेची. तिथे आकडे दोन आहेत. वाचवलेली २३ माणसं घेतली तरी बोट उलटून सरळ होते. ७९ घेता येतात. मात्र मग सरळ होण्याची हमी नाही. चोविसाव्या माणसाचा हात पाण्यातून वर आला की डब्याचं काय करायचं, ते त्या क्षणी तिच्या तांडेलानं ठरवायचं.