मायबाप, जावई आणि बहीण

सरकारशी असलेले नाते सांगण्यासाठी मराठी माणसाजवळ तीन शब्द आहेत. ‘मायबाप सरकार’ हा जुना. ‘सरकारचे जावई’ हा मधला, आणि तो कोणासाठी वापरतात हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. ‘लाडकी बहीण’ हा अगदी अलीकडचा. तिन्ही शब्द घरातले, नातेसंबंधातले आहेत. नागरिक हा शब्द या घरात कुठेच सापडत नाही. सरकारकडून कोणी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, यावर आपल्याकडे जो वाद चालतो त्याची सुरुवातच या शब्दांपासून होते. म्हणून त्या वादाची चिकित्सा शब्दांपासूनच केली पाहिजे, असे मला वाटते.

या चिकित्सेला निमित्त आहे ते आमच्या स्टाफरूमचे. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाव धुळे जिल्ह्यातले, घराण्यातला पहिला पदवीधर. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. तासाला कधी उशिरा न जाणारे, विद्यार्थ्यांच्या वह्या मनापासून तपासणारे. रावेरकडे घरची केळीची बाग. परंपरेवर त्यांची श्रद्धा आहे आणि मत नेहमी एकाच बाजूला पडते. निवडणूक आली की त्यांचा त्रागा सुरू होतो. विरोधकांनी लोकांना फुकट खायची सवय लावली, शेतात यायला मजूर तयार नाही, जो तो सरकारच्या तोंडाकडे बघत बसला आहे. एवढे बोलून झाले की ते माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, “सर, तुमच्याबद्दल नाही म्हणत मी.”

हे वाक्य मी सात वर्षे ऐकत आलो आहे. त्यात चांगुलपणा आहे हे मला कळते. पण ज्याच्याबद्दल बोलणे नसते त्याला तसे सांगावे लागत नाही, हेही कळते.

त्यांच्या तक्रारीला आधी न्याय दिला पाहिजे. ती केवळ एका गृहस्थाची कुरकुर नाही. तिला वैचारिक परंपरा आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने सरकारच्या वाढत्या हस्तक्षेपाला उघड विरोध केला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा दिली, तेव्हा तिच्यात शेतकऱ्याचा स्वाभिमान बोलत होता. तिला हसण्याचे कारण नाही. देणारा हात वर आणि घेणारा हात खाली, हे चित्र आपल्यालाही नको आहे.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. घेण्यातून येणाऱ्या गुलामीची महाराष्ट्रातली सर्वांत कठोर चिकित्सा परंपराप्रिय वर्गाने केलेली नाही. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली, आणि तीही स्वतःच्या समाजासमोर उभे राहून केली. महार वतन म्हणजे काय होते? काम सरकारचे, तेही दिवसाचे चोवीस तास. मोबदला मात्र बहुतांशी गावाने बलुत्यातून द्यायचा. गावाने दिला तर दिला. जमिनीचा वतनी तुकडा पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांत इतका बारीक झालेला की त्यावर घर चालत नव्हते. तरीही तो तुकडा आणि दारोदार मागितलेली भाकर ‘हक्काची’ म्हणून माणसे तिला धरून राहिली. बाबासाहेबांनी या हक्काचे खरे नाव गुलामी आहे असे सांगितले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यासाठी पुढे तीस वर्षे जावी लागली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, त्या नावामागे हा सगळा इतिहास उभा आहे. ज्या समाजाने भाकरीचा तुकडा नाकारून माणूसपण मागितले, त्याला फुकट खाऊ नये हा धडा देण्याआधी थोडे थांबले पाहिजे.

वतनाच्या या इतिहासातून आपल्या हाती एक कसोटी येते. मदत घेतल्यानंतर घेणारा देणाऱ्यासमोर ताठ उभा राहू शकतो काय? राहू शकत असेल तर तो हक्क. कंबर आणखी वाकत असेल तर ते बलुते, मग देणारा गावचा पाटील असो की मंत्रालय. ही कसोटी सर्वांना सारखीच लावली पाहिजे.

आपल्या खानदेशापासून सुरुवात करू. १९३६ च्या डिसेंबरात जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. शेतसारा आणि खंड कमी करावा, शेतकऱ्याला कर्जाच्या ओझ्यातून दिलासा द्यावा, असा कार्यक्रम तेथे मांडला गेला. म्हणजे सरकारने कर्जाच्या प्रश्नात हात घालावा ही मागणी आमच्या सहकाऱ्यांच्या बागेपासून फार दूर नसलेल्या गावातून देशभर गेली. पुढे १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी चालली. तिच्या तोट्याचा भार राज्याच्या तिजोरीने उचलला. २००८ साली केंद्राने कर्जमाफी दिली. २०१७ साली राज्याने ३४ हजार कोटींचा आकडा जाहीर केला, आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीची योजना आली, तीही महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने. केळीला फळपीक विमा आहे. त्याच्या हप्त्याचा मोठा भाग केंद्र आणि राज्य सरकार भरते. हतनूरचे धरण सरकारी, कालवाही सरकारी.

यातला एक रुपयाही मला खुपत नाही. वादळात केळीची बाग एका रात्रीत आडवी झालेली मी पाहिली आहे. तो शेतकरी कोणाच्या दयेवर सोडता कामा नये. प्रश्न नावाचा आहे. बागायतदाराला मिळते त्याला ‘धोरण’ म्हणतात, ‘दिलासा’ म्हणतात, ‘पॅकेज’ म्हणतात. त्याला कोणी जावई म्हणत नाही. आणि आम्ही दोघे ज्या महाविद्यालयात शिकवतो ते अनुदानित आहे. त्यांचा पगार आणि माझा पगार एकाच तिजोरीतून, एकाच तारखेला येतो. तरी ‘सरकारच्या तोंडाकडे बघणारे’ म्हटले की त्यांची नजर माझ्याकडेच वळते.

आता दुसऱ्या बाजूचे मागणे काय होते ते पाहू. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४ च्या ६ डिसेंबरपासून तो देशव्यापी झाला. माणसे तुरुंगात गेली ती कशासाठी? पडीक सरकारी जमीन आम्हाला कसायला द्या, एवढ्यासाठी. जमीन मागणारा माणूस घाम गाळण्याची जागा मागत असतो. ‘घामाचे दाम’ मागणाऱ्यांचा आपण गौरव करतो; घामालाच जागा मागणाऱ्यांची आठवण मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांना क्वचित होते.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. मिलोची भाकर आणि सुकडी यांवर त्या वर्षी घर जगले. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात लिहिले. देशाला त्यासाठी २००५ साल उजाडावे लागले. त्या देशव्यापी योजनेबद्दल २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लोकसभेत पंतप्रधान म्हणाले की, विरोधकांच्या अपयशाचे जिवंत स्मारक म्हणून ती आपण चालू ठेवू. राजकारणातला टोला म्हणून तो नेमका बसला असेल. पण खड्डा खणणारीच्या बाजूने तो कसा ऐकू येतो? मी आजीला एकदा विचारले होते, सरकारने फुकट दिलेले खाताना काय वाटायचे. ती अहिराणीत म्हणाली, “भाऊ, सरकारनी फुकट नही दिधं. दगड फोडी फोडी लिधं.” माझ्या कसोटीला याहून चांगले भाष्य मला सापडलेले नाही.

साहित्यातही हेच दिसते. दलित आत्मकथनांत शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांच्या वाटेत अर्ज असतो, दाखला असतो, कारकुनाची नजर असते. जावयाचे आगतस्वागत तेथे कुठेच नाही. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) पाहावे. संस्कृतात एम. ए. झालेल्या या बाईंना नोकरीसाठी दारे ठोठवावी लागली. नोकरी मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर. आणि तिचे श्रेय कुमुद सोमकुवरला नसून कुमुद पावडेला आहे, हे त्यांनी निर्भीडपणे नोंदवले. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेली माणसे आज वर्गात उभी राहून शिकवतात, कर भरतात, आणि स्टाफरूममध्ये वादही घालतात. मदतीने माणूस ताठ झाला याचा हा पुरावा.

सहकाऱ्यांच्या त्राग्याची खरी परीक्षा २०२४ साली झाली. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली, तेव्हा ते खूश होते. दोन वर्षांनी त्यांच्याच बाजूच्या राज्य सरकारने महिन्याला १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आणली. विधानसभेच्या निवडणुकीत विरोधकांनी ३००० कबूल केले, सत्ताधाऱ्यांनी २१००. त्या आठवड्यात ते गप्प होते. मग एके दिवशी चहा घेताना म्हणाले, “सर, आता मी कोणाला शिव्या देऊ?” त्यांच्या या वाक्यात मला प्रामाणिक माणसाचे दुःख दिसले. मी त्यांची थट्टा केली नाही.

माझ्या वहिनीच्याही खात्यावर ते पैसे येतात. स्वतःच्या नावाचे खाते आणि त्यातले स्वतःचे दीड हजार ही मजुरी करणाऱ्या बाईसाठी लहान गोष्ट नाही. पण कसोटी येथेही लावलीच पाहिजे. पहिले हप्ते आले रक्षाबंधनाच्या तोंडावर, ओवाळणी म्हणून. भावाची ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. २०२५ मध्ये छाननी झाली आणि लाखो बहिणींचा लाभ थांबला. बहिणीने भावावर दावा कसा लावावा? त्याच वर्षी मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये या योजनेकडे वळवल्यावरून खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हा निधी अनुसूचित जातींच्या बहिणींसाठीच आहे, असा सरकारी खुलासा झाला. तो मान्य केला तरी, वसतिगृहाच्या खोलीची आणि शिष्यवृत्तीची जागा ओवाळणीने घ्यावी काय, हा प्रश्न उरतो. एक गोष्ट माणसाला उभा करते. दुसरी त्याला पुढच्या हप्त्याची वाट पाहायला लावते.

आणि हाच आरसा आपल्यालाही दाखवला पाहिजे. कर्जाच्या शिफारशीसाठी पुढाऱ्याच्या ओट्यावर बसणारे, जयंतीची वर्गणी प्रस्थापितांकडून घेऊन त्यांचेच फलक चौकात लावणारे आपल्यात नाहीत काय? तेथे आपण नवे बलुते घेत असतो. दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो लोक जमतात. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते. न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले होते, आपल्या विद्येच्या बळावर. तेथे नतमस्तक होताना आपण त्यांनी नाकारलेले वतन वेगळ्या नावाने तर घेत नाही ना, हे स्वतःला विचारावे.

मायबाप म्हटले की आपण लेकरे होतो, जावई म्हटले की ऐतखाऊ ठरतो, बहीण म्हटले की ओवाळणीची वाट पाहतो. संविधानाने या तिघांच्या जागी नागरिक आणला; भाषेने मात्र त्याला अजून घरात घेतलेले नाही. माझ्या सहकाऱ्यांना मी आता एवढेच सांगणार आहे: सर, ‘तुमच्याबद्दल नाही’ असे म्हणू नका. माझ्याबद्दलच म्हणा. मी सरकारकडून घेतले आहे, आणि घेऊन उभा राहिलो आहे. मग तुमच्या बागेबद्दल आणि आपल्या दोघांच्या पगाराबद्दलही त्याच तोंडाने, त्याच शब्दांत बोला. तेवढे झाले की आपला वाद खऱ्या अर्थाने सुरू होईल.