स्थानकांच्या नकाशात लपलेलं जहाज

शोधनिबंध वाचताना 'साहित्य आणि पद्धती' हा भाग तुम्ही उडवता ना? खरं सांगा. मीही उडवायचे. मग पारनेर तालुक्यातल्या विहिरींचा माझा पहिला नकाशा मी गाईडसमोर ठेवला. सरांनी एवढंच विचारलं, "हा भूजलाचा नकाशा आहे की एसटीचा?" भाळवणी ते टाकळी ढोकेश्वर ठिपक्यांची दाटी, आतल्या वस्त्यांवर शुकशुकाट. गाडी जिथे थांबली तिथली विहीर मी मोजली होती. (जिल्ह्यात पाण्यावर संशोधन म्हटलं की सगळे हिवरे बाजारलाच का जातात, हा वेगळा विषय.)

सरांनी वाचायला मात्र दिले ते दक्षिण महासागरावरचे निबंध. म्हणाले, तिथेही एसटी असते, फक्त तिला जहाज म्हणतात.

माझी तक्रार या निबंधांबद्दल आहे. बहुतेकांत जहाज एका ओळीत उरकलेलं असतं: नाव, तारखा, स्थानकांचे अक्षांश-रेखांश. ते जहाज दिवसभर काय करत होतं, हे कुठेच नाही. आणि आकडे तर त्यावरच ठरतात.

आइसब्रेकर बर्फ कापत नाही. त्याचा पुढचा भाग बर्फावर चढतो आणि वजनाने तो मोडतो. नाही मोडला तर मागे यायचं, पुन्हा धडक द्यायची. त्या आवाजात ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या यंत्राची नोंद खराब होते. म्हणजे जिथे बर्फ जाड, तिथेच माहिती विरळ. पाण्याची क्षारता आणि तापमान मोजणारं सीटीडी खाली सोडायचं तर जहाज उभं करावं लागतं. सेकंदाला एक मीटर या वेगाने 4000 मीटर खाली आणि परत वर, म्हणजे एका स्थानकावर दोन तासांहून जास्त. हे दोन तास कोणाच्या वाट्याचे?

भारताच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. आपल्याकडे स्वतःचं ध्रुवीय आइसब्रेकर अजून नाही, जहाज भाड्याने घेतो. 6 डिसेंबर 1981 ला डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जण गोव्याहून निघाले ते नॉर्वेच्या 'पोलर सर्कल'वरून. 5 जानेवारी 2021 ला 40 वी मोहीम गोव्याहूनच निघाली, 'वासिली गोलोव्निन'वरून. वाटेत समुद्राची निरीक्षणं होतात, पण तेच जहाज 'भारती' आणि 'मैत्री'चं इंधन, धान्य, सुटे भाग आणि माणसंही नेतं. मैत्री तर किनाऱ्यापासून आत सुमारे 100 किलोमीटर. माल हिमफळीवर उतरवून पुढे न्यावा लागतो. हवा उघडली की आधी माल. यावर वाद घालणं मूर्खपणा आहे, कारण त्या डिझेलवर माणसं हिवाळा काढतात. माझं म्हणणं एवढंच की हे निबंधात लिहा.

कारण हे लपवल्याने काय होतं बघा. पुरवठ्याच्या फेऱ्या तिकडच्या उन्हाळ्यात होतात, म्हणून जहाजांचे आकडेही बहुतांशी उन्हाळ्याचेच. 2018 मध्ये स्वयंचलित तरंगत्या यंत्रांच्या नोंदींवरून एका गटाने दाखवलं की हिवाळ्यात बर्फाजवळच्या पट्ट्यातून बराच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 2021 मध्ये विमानातल्या मोजमापांनी वेगळा कौल दिला, समुद्र तो जोरात शोषतोय. आता ही यंत्रंही वायू थेट मोजत नाहीत, आम्लतेवरून हिशेब करतात. म्हणजे प्रत्येकाची आपापली एसटी आहे.

उलट उदाहरण जर्मनीच्या 'पोलारश्टेर्न'चं. 2019 च्या शरदात हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकवून वर्षभर वाहत ठेवलं. मे 2020 मध्ये कोविडमुळे पथक बदलण्याची नेहमीची वाट बंद झाली, तेव्हा माणसं बदलायला आणि सामान घ्यायला त्याला स्वालबार्डकडे यावं लागलं. काही यंत्रं बर्फावर चालू राहिली, पण साधारण महिनाभर जहाज तिथे नव्हतं. त्या मोहिमेच्या आढावा-निबंधांत ही फट सरळ मांडली आहे. असं वाचलं की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

माझ्या तक्त्यात आता 'डांबरी रस्त्यापासून अंतर' हा रकाना आहे. तो भरताना अकरा विहिरी पुन्हा कराव्या लागणार हे कळलं. रविवारी भावाची मोटरसायकल मिळाली तर वडगाव दर्याच्या बाजूने सुरुवात करते.